वानर वेगळा, माकड वेगळं! बागायतदाराला दोघांचा त्रास सारखाच, पण एकाची जात घटतेय; जाणून घ्या दोघांतला फरक

आंब्याला मोहोर आला, काजूला बोंडू धरायला लागले की जिल्ह्यातल्या कुठल्याही वाडीत सकाळी एक आरोळी हमखास ऐकू येते. "इले रे वांदर!" मग कोणी डबा वाजवतं, कोणी फटाका लावतं, कोणी कुत्र्याला छू करतं. अर्ध्या तासाने कळप पलीकडच्या बागेत जातो आणि तिथून तीच आरोळी येते.

पण आलेला कळप नक्की कोणाचा होता? काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या वानरांचा की लालसर तोंडाच्या माकडांचा? बोलताना आपण दोघांनाही 'वांदर' म्हणतो किंवा 'माकडं' म्हणतो. तक्रार करतानाही तेच. प्रत्यक्षात हे दोन वेगळे प्राणी आहेत. दोघांचं पोट वेगळं, घर चालवायची पद्धत वेगळी, नुकसान करायची तऱ्हा वेगळी. आणि आज सर्वात महत्त्वाचं म्हणजे, दोघांची जगातली स्थितीही वेगळी आहे. जे लालतोंडं माकड आपल्या नळ्यांवर रोज नाचतं, त्याची नोंद आंतरराष्ट्रीय यादीत 'असुरक्षित' म्हणून झालेली आहे.

"आमच्याकडे एवढी आहेत, आणि असुरक्षित कशी?" हा प्रश्न कोणीही विचारेल. त्याचं उत्तर सरळ आहे, पण त्यासाठी आधी दोघांची ओळख नीट करून घ्यायला हवी.

ओळखायचं कसं?

वानर म्हणजे हनुमान लंगूर. तोंड, कान, हाताचे तळवे काळे. अंगावर राखाडी, भुरकट केस. शेपटी अंगापेक्षा लांब, बऱ्याचदा तीन फुटांच्या वर. अंगाने मोठा, मोठ्या नराचं वजन १५ ते २० किलोपर्यंत जातं. उडी मारताना पूर्ण अंग झोकून देतो, म्हणून कौलारू घरावर कळप आला की नळे फुटतातच.

माकड म्हणजे ज्याला अभ्यासक 'बॉनेट मकाक' म्हणतात ते. काही गावांत याला केलडं म्हणतात. तोंड फिकट ते लालसर, केस तपकिरी. डोक्यावर मधोमध भोवऱ्यासारखे केस चारी बाजूंना पसरलेले असतात, टोपी घातल्यासारखे. त्यावरूनच त्याचं इंग्रजी नाव पडलं. वानरापेक्षा खूप लहान. नर साधारण ६ ते ९ किलो, मादी ४ किलोच्या आसपास.

आणखी एक खूण जेवताना दिसते. माकडाच्या गालात आतून पिशव्या असतात. घाईत दिसेल ते तोंडात कोंबायचं, गाल फुगवायचे आणि दूर जाऊन निवांत चावायचं, ही त्याची पद्धत. वानराला अशा पिशव्या नसतात. तो बसल्या जागी खातो.

पोटातला फरक, नुकसानीतला फरक

वानराचं पोट गाई-म्हशीच्या पोटाची आठवण करून देणारं आहे. ते एकसंध नसून त्याचे कप्पे असतात आणि त्यातले जीवाणू पाला आंबवून पचवतात. त्यामुळे वानर कोवळी पानं, कळ्या, फुलं, शेंगा, कच्ची फळं यांवर सहज जगतो. जंगलात त्याचं मुख्य जेवण पाला. म्हणूनच बागेत आल्यावर तो नुसती फळं खाऊन थांबत नाही. आंब्याची कोवळी पालवी, मोहोर, चवळीचे वेल, शेवग्याचा कोवळा पाला, सगळं ओरबाडतो. झाड लहान असेल तर त्याच्या वजनानेच फांदी मोडते.

माकडाचं पोट साधं, आपल्यासारखं. नुसत्या पाल्यावर ते भागवू शकत नाही. फळं, बिया, किडे, कोळी, पक्ष्यांची अंडी, धान्य, आणि माणसाने ठेवलेलं काहीही त्याला चालतं. म्हणून ते स्वयंपाकघरात शिरतं, नळे सरकवून आत उतरतं, कोंबड्यांची अंडी पळवतं, वाळत घातलेले आंबोशी-पापड उचलतं. हात चपळ, डोकं त्याहून चपळ. पिशवीची गाठ सोडणं, डब्याचं झाकण काढणं ते बघून बघून शिकतं.

म्हणजे पाला-मोहोर ओरबाडलेला असेल तर बहुतेक वानर, आणि घरात शिरून डबे पालथे केले असतील तर बहुतेक माकड. फळं दोघंही खातात, तिथे मात्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय सांगणं कठीण.

कळपाचा कारभार

वानरांच्या कळपात बहुधा एकच मोठा नर असतो. आपल्याकडे त्याला हुप्या म्हणतात. बाकी माद्या आणि पिल्लं. तरुण नर कळपातून बाहेर पडतात आणि त्यांच्या वेगळ्या टोळ्या होतात. गावात कधी कधी नुसत्या दांडग्या नरांची टोळी अचानक येते आणि धुमाकूळ घालते, ती हीच.

या टोळीतला एखादा नर संधी बघून जुन्या हुप्याला हाकलतो आणि कळप ताब्यात घेतो. तेव्हा अनेकदा तो अंगावर पिणारी पिल्लं मारतो. हे ऐकायला क्रूर वाटतं, पण त्यामागचं गणित अभ्यासकांनी उलगडलं आहे. पिल्लू गेल्यावर मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची पिल्लं जन्माला येतात. ही गोष्ट पहिल्यांदा नोंदवली गेली ती आपल्यापासून फार लांब नाही. १९६० च्या दशकात जपानी अभ्यासक युकिमारू सुगियामा यांनी धारवाडच्या जंगलात ती पाहिली. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकन अभ्यासक सारा हर्डी यांनी राजस्थानातल्या माउंट अबूला वर्षानुवर्षं वानरं बघून त्यावर पुस्तक लिहिलं.

यात बागायतदाराच्या कामाची गोष्ट आहे. "मोठ्या हुप्याला पकडून नेलं की कळप जाईल" असा समज गावोगाव आहे. तसं होत नाही. जागा रिकामी झाली की बाहेरचा नर येतो, कळपात मारामारी होते, पिल्लं मरतात आणि माद्या पुन्हा गाभण राहतात. कळप आहे तिथेच राहतो.

माकडांचं वेगळं. त्यांच्या कळपात अनेक नर, अनेक माद्या एकत्र असतात. मुली आईच्याच कळपात आयुष्य काढतात, मुलगे मोठे झाले की दुसरीकडे जातात. त्यामुळे कुठल्या महिन्यात कुठलं झाड फळतं, कुठल्या घराची खिडकी उघडी असते, हे ज्ञान आईकडून मुलीकडे जातं. पिल्लं बहुतेक फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास होतात. म्हणजे नेमका आपला काजू-आंब्याचा हंगाम आणि त्यांच्या लेकुरवाळ्या माद्यांची भूक एकाच वेळी येते.

मग असुरक्षित कोण आणि का?

निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे आययूसीएन, जगातल्या प्राण्यांची 'लाल यादी' ठेवते. त्यात 'कमी चिंतेचा' पासून 'नामशेष' पर्यंत पायऱ्या आहेत. उत्तर आणि मध्य भारतात सर्वत्र दिसणारा हनुमान लंगूर त्यात 'कमी चिंतेचा' या पायरीवर आहे. बॉनेट माकड मात्र 'असुरक्षित' या पायरीवर आहे. पूर्वी तेही 'कमी चिंतेचं' होतं.

ही पायरी ठरवताना आज किती आहेत एवढंच बघत नाहीत, किती वेगाने घटतात हेही बघतात. तीन पिढ्यांच्या काळात संख्या ३० टक्के किंवा त्याहून जास्त घटली, तर प्राणी 'असुरक्षित' ठरू शकतो. म्हणजे आपल्या वाडीत २० माकडं दिसतात म्हणून जात सुरक्षित, असा अर्थ निघत नाही.

कारणं तीन.

पहिलं, हे माकड जगात फक्त भारतात, तेही दक्षिण भारतात राहतं. पश्चिमेला साधारण तापीपासून खाली, पूर्वेला गोदावरी-कृष्णेच्या पट्ट्यापासून खाली. इथून गेलं तर दुसरीकडे कुठेही शिल्लक नाही.

दुसरं, उत्तरेचं माकड खाली सरकतंय. दिल्ली, मथुरा, शिमल्यात दिसतं ते ऱ्हिसस माकड. त्याची शेपटी आखूड, मागचा भाग नारिंगी-लाल, डोक्यावर टोपीचा भोवरा नाही. ते अंगाने दांडगं आणि स्वभावाने आक्रमक. ज्या भागात ते येतं तिथे बॉनेट माकड मागे हटतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीय संशोधकांनी ही सरकती सीमा दाखवून इशारा दिला होता. शहरात पकडलेली ऱ्हिसस माकडं गाडीत भरून लांब सोडून देण्याची सवय या सरकण्याला हातभार लावते.

तिसरं कारण आपल्या सर्वात जवळचं आहे, रस्त्याकडेची झाडं. कर्नाटकात म्हैसूरच्या आसपासच्या रस्त्यांवर संशोधकांनी अनेक वर्षं माकडांची मोजणी केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, २५ वर्षांत तिथली बॉनेट माकडं ६५ टक्क्यांहून अधिक घटली. रस्त्याच्या दुतर्फा असलेले जुने वड रुंदीकरणात गेले, हे त्यामागचं मोठं कारण. त्या वडांवर ती राहायची, झोपायची, फळं खायची. आपल्याकडे मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात किती जुनी झाडं गेली, ते या रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

"पण आमच्याकडे वाढलीत!"

हे बागायतदाराचं म्हणणं खोटं नाही. त्याच्या बागेत खरोखरच जास्त येतात. पण 'बागेत वाढली' आणि 'जात वाढली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जंगलात उंबर, वड, जांभूळ, करवंद, रतांबा, फणस असं वर्षभर काही ना काही पिकत असतं. तिथे एकसुरी काजू किंवा रबराची लागवड झाली की उरलेले दहा महिने खायला काही नसतं. मग कळप वस्तीच्या कडेला येऊन राहतो. घाटात पर्यटक वेफर्स, केळी टाकतात, ती खाऊन रस्त्यावर बसायला शिकतो. आधी विखुरलेली होती, ती आता डोळ्यांसमोर गोळा झाली.

यात त्रास कमी होत नाही, हेही मान्य केलं पाहिजे. ज्याची वर्षाची नारळाची मिळकत शहाळी असतानाच खाली पडते, त्याला लाल यादी दाखवून उपयोग नाही. परड्यात भाजी लावायचीच सोडली, कुळीथ-चवळी पेरायची बंद केली, अशी घरं आता वाडीवाडीत सापडतात. त्याची भरपाई झालीच पाहिजे आणि उपायही झाला पाहिजे. फक्त उपाय योग्य प्राण्यावर आणि योग्य पद्धतीने हवा.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार दोन्ही प्राणी संरक्षित आहेत. मारणं, पकडणं, पाळणं, विष घालणं हा गुन्हा आहे. २०२२ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. त्यात उत्तरेचं ऱ्हिसस माकड संरक्षित यादीतून बाहेर पडलं, तर आपलं बॉनेट माकड सर्वात कडक संरक्षणाच्या अनुसूची १ मध्ये गेलं. वाघ, बिबट्या ज्या अनुसूचीत, त्याच अनुसूचीत.

याचा परिणाम समजून घ्या. 'माकडाला उपद्रवी प्राणी जाहीर करा' अशी मागणी आपल्याकडे वारंवार होते. कायद्याच्या कलम ६२ नुसार केंद्र सरकार काही काळासाठी, काही भागापुरतं एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवू शकतं. पण अनुसूची १ मधल्या प्राण्याला ते कलम लागूच होत नाही. त्या प्राण्याने माणसाच्या जिवाला धोका निर्माण केला, तर मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देऊ शकतात. पिकाचं नुकसान हे कारण तिथे चालत नाही. केरळ सरकारने याच अडचणीमुळे हे माकड अनुसूची १ मधून काढा अशी मागणी केंद्राकडे केली आहे. म्हणजे ही लढाई कोकणची एकट्याची नाही.

उपद्रवी जाहीर केल्याने प्रश्न सुटतो का, तेही बघा. हिमाचल प्रदेशात २०१६ पासून आधी शिमला शहरात आणि मग अनेक तहसिलींत ऱ्हिसस माकड उपद्रवी जाहीर झालं. पण मारायला लोक पुढे आलेच नाहीत, हनुमानाचं रूप मानल्या गेलेल्या प्राण्यावर हात उचलवेना. तिथल्या सरकारने नसबंदीचा मार्ग आधीच धरला होता आणि दीड लाखांहून अधिक माकडांची नसबंदी केली. नसबंदीने पुढची पिढी कमी होते, पण आज जिवंत असलेलं माकड उद्याही खाणारच. त्याचा गुण यायला बरीच वर्षं लागतात.

माकडतापाची आठवण ठेवा

आणखी एका कारणाने या दोघांकडे लक्ष ठेवलं पाहिजे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. तोच माकडताप. जानेवारी २०१६ मध्ये तो दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात पोचला आणि पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातल्या बांदा परिसरात. माणसं दगावली. काजूच्या हंगामात बागेत जायला लोक घाबरू लागले.

हा रोग माकड पसरवतं असं नाही. विषाणू गोचिडीतून येतो, आणि वानर-माकड दोघंही त्याला आपल्यासारखेच बळी पडतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या खाली उतरून आसपास पसरतात. तिथे पाला गोळा करायला, गुरं चारायला गेलेल्या माणसाला त्या चावतात. म्हणून मेलेलं वानर किंवा माकड ही आपल्यासाठी धोक्याची घंटा आहे. त्याला हात लावू नका, ओढू नका, स्वतः पुरू नका. वनविभागाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा. डिसेंबर ते मे या काळात जंगलाकडेच्या बागेत जाताना अंग झाकून घ्या, आरोग्य केंद्रातून मिळणारं डीएमपी तेल लावा, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे धुवा. अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी असेल तर अंगावर काढू नका.

पकडलेली माकडं दुसऱ्या तालुक्यात नेऊन सोडण्यातला धोका यातून लक्षात येईल. आपला त्रास दुसऱ्याच्या गळ्यात जातोच, शिवाय गोचिड्याही सोबत जातात.

मग करायचं काय?

एका झटक्यात गुण देणारं औषध नाही. पण यातलं थोडं थोडं एकत्र केलं तर फरक पडतो.

• राखण एकट्याने नको, वाडीने मिळून करा. एकाने हाकललं की दुसऱ्याच्या बागेत जातात. आळीपाळीने, एकाच वेळी सगळ्या बागांत माणूस असेल तर कळपाला थांबायला जागा राहत नाही.

• एकच आवाज, एकच बुजगावणं रोज ठेवलं तर आठवड्यात ओळखतात. पद्धत बदलत राहा.

• नळ्यांवर आलेल्या फांद्या छाटा. माडाला पत्रा गुंडाळायचा तर माड एकटा असेल तरच उपयोग. शेजारच्या झाडावरून उडी मारता येत असेल तर पत्रा वाया.

• आधी कोण येतं ते ओळखा. माकडं येत असतील तर अन्न, अंडी, कचरा बंद डब्यात आणि खिडक्यांना जाळी. वानरं येत असतील तर मोहोर-पालवीच्या दिवसांत राखण वाढवा.

• आंबोली घाटात, देवळाकडे, रस्त्यावर खायला घालू नका, पाहुण्यांनाही सांगा. ती दया नव्हे. गाडीखाली मरतात ती याच सवयीने.

• नुकसान झालं की फोटो काढा आणि तीन दिवसांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याकडे अर्ज द्या, पंचनामा करून घ्या. अर्जात 'वानर' की 'माकड' ते स्पष्ट लिहा. अर्ज आलेच नाहीत तर नुकसान झालंच नाही असं कागद सांगतो.

• गावच्या सामायिक जागेत, देवराईत, ओढ्याकाठी उंबर, जांभूळ, वड, रतांबा लावा आणि आहेत ते तोडू नका. याचं फळ आपल्या मुलांना मिळेल, पण सुरुवात आत्ताच हवी.

ग्रामसभेत पुढच्या वेळी हा विषय निघेल तेव्हा 'माकडांचा बंदोबस्त करा' एवढाच ठराव करू नका. कुठल्या प्राण्याने, कुठल्या महिन्यात, कुठल्या पिकाचं किती नुकसान केलं, याची वाडीवार नोंद ठरावाला जोडा. एका हंगामाची अशी वही तयार झाली तरी भरपाईचं भांडण कागदावर उभं राहतं. आणि आपल्या वाडीत टोपीवाली माकडं खरंच किती उरलीत, तेही त्याच वहीत आपोआप मोजलं जाईल.